शिंपीण, न्हावी आणि राष्ट्राध्यक्ष

१९३५ साली अमेरिकेत एका गोऱ्या पत्रकारानं जाहीर करून टाकलं, की एलिझाबेथ केकली नावाची अशी बाई झालीच नाही. तिच्या नावावर जे पुस्तक आहे ते म्हणे एका गोऱ्या बाईनं लिहिलेलं. बातमी वर्तमानपत्रात छापून आली. केकली वारून तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. वॉशिंग्टन शहरातल्या काळ्या वस्तीत तिला ओळखणारी म्हातारी माणसं अजून होती. ती ज्या चर्चमध्ये जायची तिथले धर्मगुरू फ्रान्सिस ग्रिम्के हयात होते. त्यांना कुणी विचारलं नाही. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं छापलं, आणि हाडामांसाची बाई कागदावरून पुसली गेली.

ही केकली कोण? अब्राहम लिंकनच्या बायकोची शिंपीण.

दोस्तांनो, लिंकन आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटला. लाकडाच्या खोपटात जन्मला, चुलीच्या उजेडात शिकला, चार वर्षं घरातलं युद्ध लढला, गुलाम सोडवले आणि गोळी खाऊन मेला. आपलं त्याच्या मुलखाशी नातं जुनं आहे. जोतीबांनी १८७३ला 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलं. पण लिंकनची दाढी करणारा, त्याच्या बायकोचे झगे शिवणारी, त्याचे कागद नेणारा-आणणारा, ही काळी माणसं आपल्या धड्यात आली नाहीत. तिकडच्या धड्यातही आली नव्हती. त्यांच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. कारण त्यातून आपल्या जालना जिल्ह्यात करायचं एक काम निघतं. ते काम आता घाईचं झालंय.

आधी ती बातमी वाचून खवळलेल्या माणसाबद्दल सांगतो. त्याचं नाव जॉन ई. वॉशिंग्टन. जन्म १८८०चा. हा विद्यापीठातला इतिहासकार नव्हता. शाळेत शिकवायचा आणि दातांची डॉक्टरकीही करायचा. लहानपण आज्जीजवळ गेलं. जिथं १४ एप्रिल १८६५ला लिंकनला गोळी घातली त्या फोर्ड नाटकगृहाच्या जवळच आज्जीचं घर. शेजारपाजारची गुलामीतून सुटलेली म्हातारी माणसं लिंकनच्या गोष्टी सांगायची. काही खऱ्या, काही भुताखेताच्या. पोरगं ऐकायचं आणि भ्यायचं. मोठेपणी त्याला कळलं, की आपण जे ऐकलं ते एकाही जाडजूड चरित्रात नाही.

बातमीवर त्यानं आधी पेपरला पत्र लिहून ठणकावलं. मग थांबला नाही. केकलीला ओळखणाऱ्यांची दारं ठोठावली. लिंकनच्या घरी राबलेल्यांची पोरंबाळं शोधली. जुने फोटो, पत्रं, चर्चच्या वह्या, जे मिळालं ते गोळा केलं. १९४२च्या जानेवारीत त्याचं पुस्तक आलं. 'ते लिंकनला ओळखत होते' अशा अर्थाचं त्याचं नाव. लिंकनचे नामांकित चरित्रकार कार्ल सँडबर्ग यांनी प्रस्तावना दिली. तरी पुस्तक पुढं बाजारातून गेलं ते गेलंच. २०१८ साली ऑक्सफर्डनं ते पुन्हा काढलं, तेव्हा कुठं लोकांच्या हातात आलं.

आता केकली. १८१८ साली व्हर्जिनियात गुलाम आईच्या पोटी जन्मली. बाप कोण? मालकच. म्हणजे बापाच्या घरात लेक गुलाम. तरुणपणी एका गोऱ्यानं तिच्यावर जबरदस्ती केली, त्यातून एक मुलगा झाला. ही गोष्ट आपल्या आयाबायांना वेगळी समजावून सांगायला नको. सेंट लुईस शहरात तिनं सुई हातात धरली ती अशी, की मालकाच्या घरातली सतरा माणसं तिच्या एकटीच्या शिलाईवर जगली. हे तिनंच लिहून ठेवलंय. स्वतःची आणि पोराची किंमत ठरली १,२०० डॉलर. कपडे शिवून घेणाऱ्या बायांनी उसने पैसे दिले, १८५५ला ती सुटली, आणि तिनं पै न् पै फेडली.

१८६०ला ती वॉशिंग्टनला आली. १८६१च्या मार्चमध्ये लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले आणि मेरी लिंकननं तिला कामावर घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचा मुलगा लढाईत पडला. काळ्यांना तेव्हा पलटणीत घेत नव्हते. पोरगा रंगानं उजळ होता, गोरा म्हणून नाव घालून भरती झाला आणि मेला. मरायलासुद्धा जात लपवावी लागली. पुढच्या फेब्रुवारीत लिंकनचा अकरा वर्षांचा विली तापानं गेला. त्या लेकराला शेवटची अंघोळ घालून कपडे चढवायला केकलीच होती. मेल्या लेकरासमोर राष्ट्राध्यक्ष कसा रडला, हे तिनं पाहिलं आणि लिहिलं. मोठमोठ्या चरित्रकारांनी तो प्रसंग तिच्याच पुस्तकातून घेतला.

पण केकलीला नुसती 'विश्वासू नोकर' समजू नका. दक्षिणेतून पळून आलेले हजारो गुलाम राजधानीत उघड्यावर, रोगराईत पडले होते. १८६२ला तिनं त्यांच्यासाठी मदत संस्था उभी केली. मेरी लिंकनकडून पैसा काढला, उत्तरेतल्या शहरांत फिरून वर्गणी, कपडे, पांघरुणं जमवली. दिवसा झगे शिवायचे आणि उरल्या वेळात संघटना. आपल्या फेडरेशनच्या बायांनी काय वेगळं केलं?

१८६८ला तिनं आत्मकथन छापलं, 'बिहाइंड द सीन्स'. म्हणजे पडद्यामागं. मेरी लिंकनची बाजू लोकांपुढं यावी असा तिचा हेतू. प्रकाशकानं मेरीची खाजगी पत्रं शेवटी जोडून छापली. झालं! गोऱ्या समाजानं बोंब मारली, की मोलकरणीनं मालकिणीच्या घरातलं चव्हाट्यावर मांडलं. तिची टिंगल करणारं दुसरं एक पुस्तकही त्याच वर्षी निघालं. मेरीनं तोंड फिरवलं, गिऱ्हाईक आटलं. गोऱ्या नोकरशहांनी लिंकनच्या आठवणी लिहिल्या तर ते इतिहासकार, काळ्या बाईनं लिहिल्या तर ती चुगलखोर. १९०७ला ती वॉशिंग्टनमधल्या निराधार काळ्या बायका-मुलांच्या आश्रमात वारली. १९६०ला ते कबरस्तानच हलवलं. हाडं दुसरीकडं नेली, दगड नेले नाहीत. नावाचा दगड लागायला २०१० साल उजाडलं.

दुसरा माणूस विल्यम जॉन्सन. लिंकनसोबत स्प्रिंगफिल्डहून राजधानीत आलेला त्याचा चाकर. दाढी करायची, कपडे बघायचे, निरोप न्यायचे. राष्ट्राध्यक्षाच्या घरात त्याला काम मिळालं, पण टिकलं नाही. कारण ऐका. त्या घरातले जुने नोकर काळेच, पण उजळ कातडीचे. जॉन्सन गडद काळा. त्यांनी त्याला आपल्यात घेतलं नाही. लिंकननं १६ मार्च १८६१ला नौकाखात्याच्या मंत्र्याला लिहिलेलं पत्र आहे. माणूस प्रामाणिक आहे, इतर नोकरांशी रंगाचा फरक म्हणून त्याला सोडावं लागतंय, अशा अर्थाचं. शेवटी त्याला खजिन्यात निरोप्याची नोकरी मिळाली. देशात एवढं युद्ध पेटलेलं, आणि राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या घरातल्या नोकरांची ही उतरंड मोडता आली नाही.

१८६३च्या नोव्हेंबरात लिंकन गेटिसबर्गला ते जगप्रसिद्ध छोटं भाषण द्यायला गेला, तेव्हा जॉन्सन सोबत होता. परत येताना लिंकनच्या अंगात ताप होता, देवीची लागण निघाली. तो उठला. जॉन्सनलाही देवी आल्या आणि जानेवारी १८६४ला तो मेला. तो दवाखान्यात असताना एक वार्ताहर लिंकनला भेटायला गेला, तर राष्ट्राध्यक्ष टेबलावर नोटा मोजत बसलेला. जॉन्सनला सही करता येईना म्हणून त्याचा पगार लिंकननं उचलला होता आणि कुणाचं किती देणं हे पाकिटात वेगळं करत होता. गेटिसबर्गचं भाषण लोकांना पाठ असतं. त्या प्रवासात सोबत असलेल्या माणसाचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

तिसरा विल्यम फ्लोर्व्हिल. हैती बेटावरून आलेला, स्प्रिंगफिल्ड गावचा न्हावी, 'बिली बार्बर'. त्याच्या दुकानात लिंकन वकील असताना बसायचा-उठायचा, त्याच्या जमिनीचे कागद बघायचा. २७ डिसेंबर १८६३ला बिलीनं राष्ट्राध्यक्षाला पत्र धाडलं. विलीच्या मरणाचं दुःख कळवलं, गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याबद्दल आभार मानले, तुमचं इथलं घर नीट ठेवलंय म्हणून सांगितलं. आणि लहान्या टॅडला निरोप, की तुझा कुत्रा खुशाल आहे. न्हाव्यानं एका दमात देशाचं राजकारण आणि कुत्र्याची खुशाली लिहिली. त्याला त्यात अवघडल्यासारखं वाटलं नाही.

चौथा विल्यम स्लेड. राष्ट्राध्यक्षाच्या घरचा निरोप्या. त्याच्या लेकीनं पुढं सांगितलं, की लिंकन कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहिलेलं तिच्या बापाला वाचून दाखवायचा. पण हाच स्लेड बाहेर राजधानीतल्या काळ्या लोकांच्या एका मोठ्या संघटनेचा अध्यक्ष होता. घरात वर्दी आणि बाहेर पुढारीपण. त्याची एवढीच नोंद राहिली, की 'लिंकनचा नोकर'.

या माणसांनी लिंकनला देव केलं का? केलंही थोडं. खोटं कशाला बोला? पण त्यांच्यामुळं दुसरा लिंकनही दिसतो. १४ ऑगस्ट १८६२ला त्यानं पाच काळ्या प्रतिनिधींना बोलावलं. एडवर्ड थॉमस त्यांचा म्होरक्या. त्यांना तो म्हणाला, तुमच्यावर फार मोठा अन्याय झालाय, पण आपण दोघं वेगळं राहिलेलं बरं, तुम्ही मध्य अमेरिकेत वसाहत करा. ज्या जमिनीत पिढ्या राबल्या ती सोडून जा! काळ्या वस्त्यांतून याला विरोध झाला. पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला, त्यानं मुक्तीचा पहिला जाहीरनामा काढला. दोन्ही गोष्टी त्याच माणसानं केल्या.

बाबासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. कोलंबियात १९१३ ते १९१६ ते शिकले. १९४५च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं' या इंग्रजी ग्रंथात त्यांनी लिंकनचं ऑगस्ट १८६२चंच एक पत्र घेतलंय. माझं पहिलं काम देश एक ठेवणं, गुलामीचं नंतर बघू, अशा मतलबाचं. त्यावरून त्यांनी लिंकनलाही सोडलं नाही आणि गांधींनाही नाही. मुक्ती दान म्हणून मिळत नाही, दबावानं मिळते. तो दबाव केकली, स्लेड अशांच्या संघटनांतून तयार होत होता. म्हणून त्यांची नावं लागतात.

आता आपल्याकडं वळू. जॉन वॉशिंग्टनचं पुस्तक आलं त्याच १९४२ साली जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. जगभर युद्ध चालू होतं. त्याच महिन्यात नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची परिषद भरली, आणि २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली बायांची परिषद झाली. बाबासाहेबांची भाषणं आपल्याजवळ खंडांत आहेत. पण मांडवात बसलेल्या हजारो बायांची नावं?

बाबासाहेबांच्या अवतीभवती केकली-जॉन्सनसारखी माणसं होतीच. दिल्लीत २६ अलीपूर रोडला सुदामा होते, घरकाम बघणारे. नानकचंद रत्तू होते, होशियारपूरकडचे. सरकारी कचेरीतली नोकरी संपवून संध्याकाळी यायचे आणि रात्री उशिरापर्यंत बाबासाहेबांचं टाइप करायचे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे कागद त्यांच्या बोटांखालून गेले. ५ डिसेंबर १९५६च्या रात्री त्या घरात ही माणसं होती. रत्तूंनी १९९७ला आठवणी छापल्या म्हणून आज आपल्याला शेवटची वर्षं इतकी जवळून कळतात. सुदामांच्या नावावर पुस्तक नाही. ते आपल्याला दुसऱ्यांच्या पुस्तकात एखाद्या ओळीपुरते भेटतात.

आपल्याकडं जॉन वॉशिंग्टनही झाले. चांगदेव खैरमोड्यांनी बाबासाहेब हयात असतानाच कागद न् कागद जमवला, १९५२ला चरित्राचा पहिला खंड काढला. बळवंतराव वराळे निपाणीकडून येऊन औरंगाबादच्या मिलिंदमध्ये राहिले, त्यांनी सांगाती म्हणून आठवणी लिहिल्या. आणि मीनाक्षी मून, उर्मिला पवार या दोघी घरोघर, वस्तीवस्तीत फिरल्या, चळवळीतल्या म्हाताऱ्या बाया बोलत्या केल्या आणि १९८९ला 'आम्हीही इतिहास घडवला' दिलं. कुठल्या विद्यापीठानं त्यांना जा म्हणलं नव्हतं.

मराठवाड्याचं काय? आपण निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत इथं वेगळं राज्य, वेगळे कायदे, वेठबिगार तीच. ३० डिसेंबर १९३८ला कन्नडजवळ मक्रणपूरला भाऊसाहेब मोऱ्यांनी परिषद भरवली, बाबासाहेब आले. १९४१च्या फेब्रुवारीत धाराशिवकडं कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली. १९५०ला औरंगाबादला कॉलेज निघालं आणि जालना, अंबड, भोकरदन, परतूरकडची पोरं तिथं जाऊन शिकू लागली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ला. म्हणून आपला म्हणावा असा इतिहास कुठल्या एका कपाटात नाही. थोडा औरंगाबादच्या दप्तरात, थोडा हैदराबादच्या, आणि बराचसा आपल्या वस्तीतल्या ओट्यावर.

माझ्याच तोंडावर एका महाविद्यालयातले प्राध्यापक म्हणले होते, "म्हाताऱ्यांच्या गप्पा म्हणजे इतिहास नाही, कागद आणा कागद." मी म्हणलं, सर, ज्याला पिढ्यान् पिढ्या पाटीला हात लावू दिला नाही त्याच्याकडं कागद कुठून यावा? ते हसले. पण मला १९३५ची ती बातमी आठवली. कागद नाही म्हणून आज गप्पा म्हणतात. गप्पा सांगणारी माणसं गेली, की उद्या म्हणतील अशी बाई झालीच नाही.

हिशेब करा. १९५६ला जो दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. ज्यांनी १९३८ला मक्रणपूरला जाणत्या वयात कान दिला ती पिढी संपली. त्यांचं ऐकलेल्या सुना-लेकी आहेत. जॉन वॉशिंग्टनलाही लेकी आणि नातवंडंच सापडली होती. त्यांच्यावरच त्यानं पुस्तक उभं केलं.

तर काम असं करायचं. बाबासाहेब काय बोलले, हे पहिल्यांदा विचारू नका. ते भाषण त्यांनी नंतर शंभरदा ऐकलेलं असतं, तेच म्हणून दाखवतील. विचारा, सभेला कसे गेलात? चालत, बैलगाडीनं का रेल्वेनं? भाकरी काय बांधली होती? तिकिटाचे पैसे कुणाकडून घेतले? ढोरं कुणाच्या भरवशावर टाकली? परत आल्यावर पाटील काय म्हणाला, येसकरकी सोडली तेव्हा गावानं काय बंद केलं? खरा इतिहास तिथं निघतो. साल त्यांना सांगता येणार नाही, ते तुम्ही काढायचं. रझाकाराच्या आधी का नंतर? पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी लेकरू केवढं होतं? धर्मांतराच्या साली लगीन झालं होतं का? १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात जेलात कोण गेलं? बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होता? अठ्ठ्याहत्तरला नामांतराचा ठराव झाल्यावर घर जळालं का राहिलं? असे खुंटे ठोकत गेलं की साल सापडतं.

एकाचं ऐकून लगेच लिहून मोकळं होऊ नका. दोघं वेगळं सांगत असतील तर दोन्ही लिहा. 'जयभीम' पहिल्यांदा कुणी म्हटलं यावर आपल्यातच मतं आहेत. कामठीकडं बाबू हरदासांचं नाव घेतात, मराठवाड्यात भाऊसाहेब मोऱ्यांचं. दोन्ही नोंदवा, भांडू नका. बोली तशीच ठेवा, 'व्हतं'चं 'होते' करू नका. शुद्ध करायला गेलात की माणूस मरतो आणि निबंध उरतो. बायांना बायांनी विचारावं, आणि कारभारी शेजारी नसताना. आणि एखाद्या आज्जीनं म्हणलं, "बाबा, हे छापू नको," तर छापायचं नाही. केकलीचा प्रकाशक विसरू नका. त्याचं पुस्तक खपलं, तिचा संसार उठला.

आणखी एक, जरा कडू. जॉन्सनला ज्यांनी बाहेर ठेवलं ते काळेच होते. आपण फक्त आपल्याच गल्लीत वही घेऊन फिरलो तर आपणही तेच करू. तडवळ्याची परिषद महार-मांगांची मिळून होती, हे ध्यानात ठेवा. मांगवाड्यात जा, चांभाराच्या ओट्यावर बसा. तिथंही बाबासाहेबांना ऐकलेलं घर निघेल. नाही निघालं तर का नाही निघालं, तेही लिहा. तोही आपला इतिहास आहे.

एका तालुक्याला चार पोरं-पोरी पुरे. बदनापूर, जाफ्राबाद, मंठा, घनसावंगी, कुठूनही सुरू करा. हातात फोन आहे, त्यात आवाज धरता येतो. पण नुसता आवाज ठेवू नका, कागदावर उतरवा. नाव, गाव, वय आणि सांगितलं त्या दिवसाची तारीख वर घाला. एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी द्या. आपल्या आज्जीचं बोलणं लिहिलेलं आहे, हे नातवाला दिसू द्या.

हे काम करायला त्या दातांच्या डॉक्टरला कुणाची परवानगी लागली नाही. आपल्यालाही लागत नाही. येत्या ऐतवारी वही घ्या आणि शेजारच्या घरापासून सुरुवात करा.

जयभीम.